धर्मभगिनींचे मेंदू आणि आमची विस्मृती

अमेरिकेतील काही धर्मभगिनींच्या मेंदूंचा अभ्यास झाला आणि प्रार्थनामय जीवन जगणाऱ्यांची स्मरणशक्ती अखेरपर्यंत शाबूत राहते असे त्यातून सिद्ध झाले, ही कथा आमच्या समाजात बरीच वर्षे फिरत आहे. कधी ती प्रवचनात येते, कधी ज्येष्ठांच्या सहलीत, तर कधी एखाद्या स्मरणिकेच्या पानावर. ऐकणाऱ्यांच्या माना समाधानाने डोलतात. रोजची रोजरी चुकवू नका, म्हणजे म्हातारपणी सुनेचे नाव विसरणार नाही, असा तिचा सोयीस्कर सारांश घरोघर पोहोचला आहे. ही कथा खोटी आहे, असे आम्ही स्पष्टपणे म्हणू इच्छितो. अभ्यास झाला, हे खरे. परंतु त्यातून हे निघाले नाही. जे निघाले ते जवळजवळ याच्या उलट आहे, आणि ते ऐकून घेणे आमच्या समाजाला जड जाणार आहे.

प्रथम अभ्यास काय होता ते पाहू. डेव्हिड स्नोडन नावाच्या साथरोगशास्त्रज्ञाने १९८६ साली मिनेसोटा राज्यातील मॅन्काटो येथील मठात या कामाला आरंभ केला. हा मठ 'स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम' या संघाचा. १८३३ साली बव्हेरियात स्थापन झालेला आणि १८४७ साली अमेरिकेत पाय ठेवलेला हा संघ शाळा चालवणाऱ्यांचा. पुढे १९९१ पासून अभ्यासाचा विस्तार अमेरिकेतील या संघाच्या इतर मठांपर्यंत झाला. १९१७ पूर्वी जन्मलेल्या १,०२७ भगिनींना विचारणा झाली आणि ६७८ जणींनी होकार दिला. त्या वेळी त्यांची वये ७५ ते १०२ होती. होकार कशाला द्यायचा होता? दर वर्षी स्मरणशक्तीची आणि शरीराच्या हालचालींची तपासणी करून घ्यायची, मठाच्या दप्तरातील आपले कागद संशोधकांना पाहू द्यायचे, आणि मृत्यूनंतर आपला मेंदू द्यायचा. एक तृतीयांश भगिनींनी नकार दिला, हेही येथे नोंदवून ठेवतो. व्रतस्थ असल्या तरी त्यांना हा निर्णय सोपा गेला नसावा.

शास्त्रज्ञांना मठ का हवा होता? भक्तीसाठी नव्हे. या भगिनी एकाच स्वयंपाकघरातले जेवत, एकाच प्रकारच्या घरात राहत, धूम्रपान करीत नसत, त्यांना वैद्यकीय सेवा सारखीच मिळे आणि बहुतेकींचा व्यवसायही एकच, शिक्षिकेचा. बाहेरच्या जगात दोन वृद्धांची तुलना करू गेल्यास पैसा, आहार, व्यसन, बाळंतपणे अशा शंभर गोष्टी आड येतात. मठात त्या आपोआप गळून पडतात आणि उरलेले फरक नजरेत भरतात.

आता वाचकांनीच विचार करावा. या सर्व भगिनींची प्रार्थनेची घंटा एकच होती. सर्वजणी रोज मिस्साला बसत, सर्वजणी जपमाळ ओढीत. तरीही त्यांच्यापैकी काही जणी शंभरीपर्यंत लख्ख राहिल्या आणि काही जणींना आपल्या खोलीची वाट सापडेनाशी झाली. प्रार्थना हे जर विस्मृतीवरचे कवच असते, तर हा फरक पडलाच नसता. ज्या अभ्यासात सगळ्यांची प्रार्थना सारखी आहे, त्यातून प्रार्थनेचा मेंदूवरचा गुण मोजताच येत नाही. हे समजायला शास्त्रज्ञ असावे लागत नाही. आमच्या वक्त्यांनी एवढाही विचार केला नाही आणि एका गंभीर अभ्यासाचे भक्तिमार्गी जाहिरातपत्रक करून टाकले.

यात कुणाचे काय बिघडले, असे कुणी विचारील. आमचे उत्तर असे की ज्या घरात खरोखरच आई विसरू लागली आहे, त्या घराचे बिघडले. अशा घरातली लेक ते प्रवचन ऐकते तेव्हा तिला काय ऐकू येते? आईची श्रद्धा कुठेतरी कमी पडली, असे! जन्मभर पहाटे उठून चर्चची वाट तुडवलेल्या बाईच्या माथी अखेरच्या काळात हा अदृश्य ठपका मारायचा आणि वर त्याला सुवार्ता म्हणायचे, हे आम्हांस मान्य नाही. जन्मांधाचे पाप कुणाचे, असा प्रश्न शिष्यांनी प्रभूला केला होता. प्रभूने त्या प्रश्नाची चौकटच मोडली. आम्ही ती पुन्हा बांधायला बसलो आहोत.

अभ्यासातून निघाले ते असे. स्नोडन यांनी १९९७ साली सिस्टर मेरी नावाच्या एका भगिनीविषयी लिहिले. वयाच्या ८४व्या वर्षापर्यंत त्यांनी अध्यापन केले आणि १०१व्या वर्षी त्या निवर्तल्या. अखेरच्या तपासण्यांतही त्यांचे गुण उत्तम होते. मृत्यूनंतर मेंदू पाहिला तर त्यात अल्झायमर रोगाच्या दोन्ही खुणा विपुल होत्या: अमिलॉइड नावाच्या प्रथिनाचे साचलेले पुंजके आणि पेशींच्या आत टाऊ नावाच्या प्रथिनाच्या गुंतवळी. म्हणजे रोग मेंदूत होता, पण बाईंच्या बोलण्यावागण्यात नव्हता. दुसऱ्या काही भगिनींच्या बाबतीत खुणा थोड्या आणि भ्रंश मात्र मोठा. रोगाची खूण आणि रोगाची व्यथा यांत सरळ हिशेब नाही, हे या मेंदूंनी दाखवून दिले.

मग व्यथा कशाने ठरते? याचे एक उत्तर मठाच्या दप्तरात सापडले आणि आमच्या मते साऱ्या अभ्यासातला तोच सर्वांत बोचरा भाग आहे. १९३० साली संघाच्या उत्तर अमेरिकेतील प्रमुखांनी आज्ञा केली होती की व्रते घेण्यापूर्वी प्रत्येक भगिनीने एका कागदावर मावेल एवढे आत्मवृत्त स्वहस्ते लिहावे: जन्म कुठला, आईवडील कोण, बालपणीच्या लक्षात राहिलेल्या गोष्टी, शाळा, मठाकडे ओढ कशी लागली. सरासरी बावीसाव्या वर्षी लिहिलेले हे कागद साठ वर्षे कपाटात पडून होते. संशोधकांनी ९३ भगिनींची आत्मवृत्ते घेऊन त्यांतील वाक्ये तपासली. दर दहा शब्दांमागे किती कल्पना मांडल्या आहेत, हे त्यांनी मोजले. कुणाची भाषा दाट होती, कुणाची विरळ. १९९६ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तोवर त्यांतल्या १४ जणी वारल्या होत्या. त्यांपैकी ज्या पाच जणींच्या मेंदूत अल्झायमरची खात्री पटली, त्या पाचही जणींची तरुणपणची भाषा विरळ होती. दाट भाषा लिहिणारींपैकी एकीच्याही मेंदूत तो रोग नव्हता. चौदा ही संख्या लहान आहे, आणि विरळ भाषेमुळे रोग झाला की रोगाचीच सावली विशीत पडली होती, हे त्यावरून सांगता येत नाही. पण मेंदूची बांधणी म्हातारपणी नव्हे तर बालपणी होते, त्या वयात भाषा, वाचन, गोष्टी, शाळा ज्याला मिळाली त्याची गंगाजळी मोठी राहते, या विचाराला तेव्हापासून जोर आला. इतर देशांतील अभ्यासही तेच सांगत आले आहेत.

आता आमच्या आज्यांकडे वळू. त्यांना कोणत्या मठाधिकारिणीने आत्मवृत्त लिहायला सांगितले होते? वसईच्या किनारपट्टीवरच्या किती घरांत मुलगी दुसरी-तिसरी इयत्ता होताच घरी बसवली गेली, कारण धाकट्या भावंडांना सांभाळायचे होते, वाडीला पाणी लावायचे होते, पहाटेच्या गाडीने भाजीची आणि फुलांची टोपली मुंबईला न्यायची होती! त्या टोपलीच्या पैशांवर भाऊ शिकले, पुढे मुलगे शिकले, फादर झाले, प्राध्यापक झाले, या त्रैमासिकात लिहू लागले. आमच्या बुद्धीचा दाटपणा कुणाच्या विरळपणातून आला, हे आम्ही कधी मोजले आहे काय? भारतभरच्या साठीपुढील लोकांच्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांत साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असावेत असा अंदाज आहे. पुरुषांत हे प्रमाण ५.८ टक्के तर स्त्रियांत ९ टक्के, शहरांत ५.३ तर खेड्यांत ८.४. न शिकलेल्यांत ते अधिक. या आकड्यांत आमची आजी बसलेली आहे. तिचे विसरणे ही तिच्या एकटीची करणी नाही. त्यात आमच्या कुटुंबांच्या निर्णयांचाही वाटा आहे.

मठातल्या मेंदूंनी आणखी एक गोष्ट दाखवली आणि ती अगदी व्यवहाराची आहे. १९९७ साली १०२ भगिनींच्या मेंदूंची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या ६१ जणींच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा होत्या. या ६१ जणींत, ज्यांच्या मेंदूच्या खोल भागात रक्तवाहिनी तुंबून लहानसे का होईना एक-दोन आघात झालेले होते, त्यांच्यात प्रत्यक्ष भ्रंशाचे प्रमाण फारच जास्त आढळले. म्हणजे एका रोगाने भिंत पोखरलेली आणि दुसऱ्याने तिला धक्का दिलेला. पहिल्यावर आजही खात्रीचा उपाय नाही. दुसरा मात्र रक्तदाब आणि मधुमेह ताब्यात ठेवून बराचसा टाळता येतो. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली आवरता येण्याजोगी चौदा कारणे मांडली आणि ती सर्व आवरली तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू अथवा लांबू शकेल, असा अंदाज दिला. बालपणीचे अपुरे शिक्षण, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, लठ्ठपणा, बसून राहणे, खिन्नता, एकाकीपणा, डोक्याला मार, दूषित हवा, वाईट कोलेस्टेरॉल, उपचार न केलेले ऐकण्याचे आणि पाहण्याचे दोष, आणि अतिरिक्त मद्यपान.

शेवटच्या शब्दावर आम्ही मुद्दाम थांबतो. लग्नात पेला, बारशाला पेला, सणाला पेला आणि दफनविधीहून परतल्यावरही पेला. ही आमची संस्कृती आहे असे छाती फुगवून सांगणारे लोक आमच्यात आहेत. चाळीस वर्षे दर संध्याकाळी पिणाऱ्या माणसाचा मेंदू काय होतो, हे त्या संस्कृतीच्या गुणगानात येत नाही. आणि कानाचे यंत्र! चष्मा लावायला आम्हांला लाज वाटत नाही, पण कानात यंत्र घालायचे म्हटले की बाप्पा म्हणतात, लोक बहिरा म्हणतील. मग ते हळूहळू गप्पांतून उठतात, ओसरीवर एकटे बसतात, आणि दोन वर्षांनी आम्ही म्हणतो, त्यांचे हल्ली काही खरे नाही. रोजरी म्हणा, अवश्य म्हणा. पण ती म्हणताना शेजारच्याचा आवाज ऐकू यावा, याची तजवीज आधी करा.

रोजरीच्या कथेसारखीच दुसरी एक खोटी समजूत आहे, ती म्हणजे 'साठी बुद्धी नाठी'. ही म्हण आमच्या भाषेतली सर्वांत क्रूर म्हणींपैकी एक आहे असे आम्ही मानतो, कारण ती हसत हसत उपचाराचे दार लावून घेते. १९०६ साली अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरने एका पन्नाशीतल्या स्त्रीच्या मेंदूतील खुणा मांडल्या. त्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षे वैद्यकाची समजूत अशी होती की हा मध्यमवयीनांचा दुर्मिळ रोग आहे आणि म्हाताऱ्यांचे विसरणे हे निराळे, वयाचे. १९७६ साली रॉबर्ट कॅट्झमन या अमेरिकन मेंदुतज्ज्ञाने ठासून लिहिले की दोन्ही एकच आहेत. वैद्यकाने म्हण टाकून दिली त्याला आज पन्नास वर्षे होत आली. आमच्या ओसरीवर ती अजून ऐकू येते.

म्हातारपण म्हणून खपवल्यामुळे काय होते? थायरॉइडचा दोष, ब जीवनसत्त्वाची कमतरता, खिन्नता, डोक्यावर पडल्यानंतर आत साकळलेले रक्त, झोपेच्या गोळ्यांचा अतिरेक, अशा कारणांनीही माणूस विसरतो आणि त्यांतल्या पुष्कळांवर उपाय असतो. पण तपासणीला नेणार कोण? नेलेच तर तेथेही अडचण. परदेशी प्रश्नपत्रिका तारीख विचारते, वाक्य लिहून मागते, इमारतीचा मजला कोणता ते विचारते. निरक्षर बाई यांत नापास होणारच, तिची स्मृती कितीही चांगली असो. हे ओळखून हरयाणातील बल्लभगढ येथील अभ्यासासाठी न शिकलेल्या ग्रामीण माणसांना न्याय देणारी हिंदी प्रश्नावली तयार करण्यात आली. ती १९९५ साली प्रसिद्ध झाली. आमच्याकडची गोष्ट तर आणखी नाजूक. विसरू लागलेला माणूस नवी भाषा आधी विसरतो आणि आईच्या बोलीकडे परततो. आजी कादोडीत बोलू लागते आणि इंग्रजी माध्यमातला नातू म्हणतो, ग्रॅनी काहीतरी बडबडते. ती बडबडत नसते. ती त्याला जेवायला वाढू का विचारत असते.

बल्लभगढच्या अभ्यासात अल्झायमरचे प्रमाण फार कमी आढळले होते, आणि मुंबईत झालेल्या, २००१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीतही ६५ वर्षांवरील लोकांत स्मृतिभ्रंश २.४४ टक्के एवढाच होता. त्यावर आमच्या देशात केवढा अभिमान पिकला! हळद खातो म्हणून वाचलो, एकत्र कुटुंब म्हणून वाचलो. हळदीतील कर्क्युमिन रुग्णांना देऊन पाहिले गेले; गुण दिसला नाही. निकष आणि पद्धती बदलल्या, माणसे अधिक जगू लागली, आणि आकडा ७.४ वर आला. अभिमानाला अजून त्याची वार्ता नाही.

औषधांविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण परदेशी असलेल्या मुलांचे फोन येतात की नवीन इंजेक्शन निघाले आहे, पैशांची काळजी करू नका. २०२१ साली अमेरिकेत ॲड्युकॅनुमॅबला तज्ज्ञ समितीचा विरोध डावलून मान्यता मिळाली. २०२४ साली कंपनीने ते गुंडाळण्याचे जाहीर केले. २०२३ साली पूर्ण मान्यता मिळालेले लेकॅनेमॅब अधिक खरे ठरले. १,७९५ रुग्णांच्या चाचणीत त्याने अमिलॉइड मोठ्या प्रमाणावर हटवले. पण अठरा महिन्यांनंतर औषध घेतलेल्यांत आणि न घेतलेल्यांत अठरा गुणांच्या मापावर फरक पडला ०.४५ गुणांचा, तोही अगदी आरंभीच्या अवस्थेतील रुग्णांत, आणि काहींच्या मेंदूत सूज व रक्तस्राव ही किंमत मोजून. सिस्टर मेरींच्या मेंदूने सांगितलेली गोष्ट येथे आठवावी: पुंजके असूनही बाई शहाण्या होत्या. मग नुसते पुंजके झाडून घर पूर्ववत होईल ही आशा कितपत धरावी? २००६ साली 'नेचर'मध्ये आलेला, एका विशिष्ट अमिलॉइडलाच विस्मृतीचे कारण ठरवणारा आणि असंख्य वेळा आधार म्हणून घेतला गेलेला निबंध, चित्रांत फेरफार आढळल्यामुळे २०२४ साली मागे घ्यावा लागला. यावरून सारे संशोधन लबाड आहे असा निष्कर्ष काढणारेही आम्हांस भेटले. तसे नाही. लबाडी उघडकीस आली ती संशोधकांनीच आणली. स्मृती वाढवणाऱ्या टॉनिकच्या बाटलीवर अशी तपासणी कोण करतो?

आता घराकडे येतो. पाश्चात्त्य लोक आपल्या वृद्धांना आश्रमात टाकतात आणि आपण घरी सांभाळतो, हे वाक्य आम्ही इतक्या व्यासपीठांवरून ऐकले आहे की ते कोण म्हणतो आहे याकडे लक्ष द्यायची सवय लागली. ते नेहमी पुरुष म्हणतात. सांभाळते ती सून. रात्री तीनदा उठते ती सून. सोन्याच्या बांगड्या चोरल्याचा आळ येतो तिच्यावर. शेजारणींसमोर 'मला जेवायला देत नाही' ही तक्रार होते तीही तिचीच. रोगाची ही लक्षणे आहेत हे तिला कुणी सांगितलेले नसते. शेजारणींना तर नाहीच. रविवारी मुंबईहून लेकी-जावई येतात, आईचे केस विंचरतात आणि जाताना म्हणतात, आई किती खराब झाली! मॅन्काटोच्या मठात आजारी भगिनींसाठी स्वतंत्र विभाग होता, रात्रीची पाळी होती, एकीने दमल्यावर दुसरी येत होती. तेथे सांभाळ हे संघाचे काम होते. आमच्याकडे ते एका बाईचे नशीब आहे आणि त्यालाच आम्ही कुटुंबसंस्था म्हणतो.

याहून वाईट एक प्रकार आहे. जमिनीचे भाव चढल्यापासून विसरणाऱ्या म्हाताऱ्यांना अचानक किंमत आली आहे. सकाळी स्वतःच्या मुलाला ओळखत नसलेला बाप दुपारी दस्तावर अंगठा उठवतो. १८७२च्या करार कायद्यानुसार भानावर नसलेल्या माणसाचा करार टिकत नाही, हे वकिलाला ठाऊक असते, दलालाला ठाऊक असते, मुलाला तर असतेच. त्या कागदावर दोन साक्षीदारांच्याही सह्या असतात. ते साक्षीदार कुठून येतात? ते पुढल्या रविवारी आमच्याच बाकावर, आमच्या शेजारी बसलेले असतात. चौथ्या आज्ञेवरचे प्रवचन आम्ही सारे मिळून ऐकतो. बेन सिराखच्या ग्रंथात, जो आमच्या कॅथोलिक बायबलात आहे आणि प्रॉटेस्टंट बंधूंच्या नेहमीच्या बायबलात नाही, तिसऱ्या अध्यायात मुलाला बजावले आहे की बापाची बुद्धी ढळली तरी त्याला सांभाळून घे, तू धडधाकट आहेस म्हणून त्याला तुच्छ लेखू नकोस. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी त्या लेखकाला हा रोगही माहीत होता आणि असा मुलगाही.

धर्मग्रामांनी काय करावे, असे कुणी विचारल्यास आम्ही फार मोठे काही मागत नाही. २०२१ पासून जुलैच्या चौथ्या रविवारी आजी-आजोबांचा जागतिक दिन साजरा होतो. गुलाबाचे फूल, केक, एक गाणे. त्या दिवशी चर्चमध्ये कोण बसलेले असते? चालते-बोलते, छायाचित्रात छान दिसणारे. ज्यांना मिस्सा चालू असताना मोठ्याने घरी जाऊया म्हणावेसे वाटते, त्यांना आणले जात नाही. आणले तर पुढल्या बाकावरून माना वळतात. घरी कम्युनियन नेण्याची यादीही कालांतराने त्यांच्या नावाशी थांबते, कारण 'तिला काही कळत नाही'. वास्तविक जिला मुलाचे नाव आठवत नाही तिला नमो मरिया सबंध येते. जन्मभर घोटलेले शब्द मेंदूत खोलवर रुतलेले असतात, ते उशिरा जातात. रुग्णाभ्यंगाविषयी तर १९८३च्या धर्मसंहितेत, कलम १००६मध्ये, स्पष्टच सांगितले आहे: शुद्धीवर असताना ज्याने निदान मनाने तरी हा संस्कार इच्छिला असता, त्याला तो द्यावा. म्हणजे आज तिला कळते की नाही, हा प्रश्न धर्मसभेने विचारलेलाच नाही. आणि सेंट व्हिन्सेंट डी पॉलच्या सभासदांना, वाडीवाडीतल्या प्रार्थनासमूहांना आमचे सांगणे एवढेच की अशा घरी जाऊन प्रार्थना करून निघू नका; आठवड्यातून दोन तास आजीजवळ बसा आणि सुनेला बाहेर जाऊ द्या. ती कुठे जाते हे विचारू नका.

राहता राहिला मेंदूचा प्रश्न. धर्मभगिनींचा हा एकच अभ्यास नव्हे. शिकागोतील रश विद्यापीठाने नव्वदच्या दशकात असाच दुसरा अभ्यास सुरू केला. त्यात अमेरिकेतील भगिनींबरोबर धर्मगुरू आणि धर्मबंधूही सामील झाले आणि त्यांनीही आपले मेंदू देऊ केले. वृद्ध मेंदूत बहुधा एकच रोग नसून अनेक रोग एकत्र नांदतात, हे आज जे मानले जाते त्यामागे या लोकांचे मेंदू आहेत. जगातल्या स्मृतिसंशोधनाला कॅथोलिक व्रतस्थांनी एवढे दिले असताना आमच्या गावात मेंदू काढून देण्याची भाषा केली, तर पहिला प्रश्न येतो की शेवटच्या दिवशी डोक्यावाचून उठायचे काय? पोप बारावे पायस यांनी १९५६ सालीच मृत देहातील नेत्रपटल देण्याला मान्यता दिली होती. धर्मशिक्षण ग्रंथाच्या २३०१ व्या परिच्छेदात संशोधनासाठी शवविच्छेदन नीतीला धरून असू शकते असे म्हटले आहे आणि मृत्यूनंतरचे अवयवदान पुण्यप्रद मानले आहे. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत १९९५ पासून मेंदूंची पेढी आहे. मृत्यूनंतर काही तासांत मेंदू तेथे पोहोचावा लागतो. वसई किंवा साष्टीतून ते सहजसाध्य नाही, हे आम्हांस कळते. पण मुंबईत तशी पेढी असावी ही मागणी कुणी करायची? ज्यांची इस्पितळे आहेत, ज्यांची महाविद्यालये आहेत, ज्यांच्या मठांत आज ऐंशी-नव्वदीच्या भगिनी आहेत, त्यांनी नव्हे काय? आमच्या धर्मप्रांतांतील मठांच्या कपाटांतही जुने कागद असतील. अर्ज असतील, पत्रे असतील, विशीतल्या मुलींनी मराठीत, कोंकणीत, पोर्तुगीजमध्ये लिहिलेली. ती कुणी वाळवीच्या तोंडी देण्याआधी एकदा उघडून पाहावीत. त्या मुलींपैकी ज्या अजून हयात आहेत, त्यांना आज काय आठवते ते जाऊन विचारावे. त्यांचे उत्तर लिहून घेताना बोली त्यांचीच ठेवावी.